ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या २५३ सभासदांस अनावृत पत्र

डोंबिवली पूर्व

ठाणे महानगरपालिका व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका यांच्या नवनिर्वाचित सन्माननीय सभासदांस,



१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, आणि ठाण्याचे १३१ व कल्याण-डोंबिवलीचे १२२ असे मिळून आपण २५३ जण या दोन शहरांच्या महासभांचे सभासद झालात. हारतुरे सुकले असतील, अभिनंदनाचे फलक उतरले असतील (निदान काही तरी उतरले असतील), आणि पहिल्या विषयपत्रिकांचे गठ्ठे आपल्या घरी येऊन पडू लागले असतील, अशा समजुतीने हे पत्र लिहीत आहे. मी कोणत्याही पक्षाचा नाही. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्याच्या सरकारी नोकरीत माझी उमेदीची वर्षे गेली, आणि त्या नोकरीने लावलेली एक खोड अद्याप सुटलेली नाही: कागदावर एखादा आकडा दिसला की त्याच्यामागे कोण उभे आहे, हे वाकून पाहिल्यावाचून मला राहवत नाही. पत्रात कोठे आगाऊपणा वाटला तर तो या खोडीच्या खाती मांडावा.

कल्याण-डोंबिवलीच्या मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असे संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदात स्वच्छ लिहिलेले असताना, प्रथम महामारी, नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, त्यानंतर प्रभागरचनेची मोडतोड अशी कारणांची मालिका लांबत गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, ती मुदतही पुढे वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत न्यावी लागली, तेव्हा कोठे आपला योग आला. ठाण्याने पावणेचार वर्षांहून अधिक काळ आणि आम्ही डोंबिवलीकर-कल्याणकरांनी पाच वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहावाचून काढला. आम्हांला हे नवीन नाही. १ ऑक्टोबर १९८३ रोजी जन्मलेल्या आमच्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. ते जवळजवळ एक तप आणि हा अलीकडचा काळ यांची बेरीज केली तर बेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील सुमारे सतरा वर्षे या शहराचा कारभार कोणी प्रश्न विचारणारा समोर नसताना चालला. दर पाच वर्षांपैकी दोन, असा हा हिशेब पडतो.

प्रशासकाची राजवट म्हणजे नेमके काय, हे आपल्यापैकी जे प्रथमच निवडून आले आहेत त्यांनी समजून घ्यावे. १९४९ च्या ज्या अधिनियमाने आपला कारभार चालतो, आणि ज्याला कार्यालयातले जुने लोक अजूनही सवयीने ‘बीपीएमसी ॲक्ट’च म्हणतात, त्याने अंमलबजावणी आयुक्तांकडे, थैलीची दोरी सोळा सभासदांच्या स्थायी समितीकडे आणि धोरण महासभेकडे, अशी तीन ठिकाणी सत्ता वाटून ठेवली, ती एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. प्रशासकाच्या काळात आयुक्त म्हणून प्रस्तावाचा गोषवारा सादर करणे, स्थायी समिती म्हणून त्यास मान्यता देणे आणि महासभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करणे ही तिन्ही कामे एकाच खुर्चीत, एकाच लेखणीने होत असतात. अंदाजपत्रकही आयुक्तांनी प्रशासकांस सादर करावयाचे आणि प्रशासकांनी ते आयुक्तांकडून स्वीकारावयाचे, असा हा एकपात्री प्रयोग दर वर्षी होत राहिला. मी अधिकाऱ्यांस दूषण देत नाही. आधारवाडीची जी कचराभूमी लोकनियुक्त सभागृहांना वर्षानुवर्षे बंद करता आली नाही, ती मे २०२१ मध्ये प्रशासकाच्याच कारकिर्दीत बंद झाली, हे कबूल न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याच पाच वर्षांत कल्याण-डोंबिवलीस निदान चार आयुक्त येऊन गेले. जो मनुष्य सव्वा-दीड वर्षात बदलून जाणार, त्याने काल काय ठरवले होते याची आठवण शहराच्या वतीने कोणी ठेवावयाची? इतिवृत्तात ती राहते, आणि इतिवृत्त जिवंत राहते ते कोणी तरी उठून ‘मागील सभेत आपण असे म्हणाला होता’ असे म्हणतो तेव्हा.

ऑगस्ट २०२३ मधील ती कळव्याची रात्र आठवा. ठाणे महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांच्या आत १८ रुग्ण दगावले. पत्रकार धावले, आमदार-मंत्री येऊन गेले, राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. परंतु ज्या संस्थेचे ते रुग्णालय, तिच्या सभासदांची आसने पाचपाखाडीच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात रिकामी होती. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, औषधखरेदीच्या लेखाशीर्षात तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, खाटांची संख्या वाढविण्याचा शेवटचा प्रस्ताव कधी आला आणि तो कोणाच्या टेबलावर थांबला, हे विचारण्याचा कायदेशीर अधिकार ज्यांना असावयाचा ते सर्व त्या दिवशी ‘माजी’ होते, आणि माजी सभासदास निवेदन देता येते, प्रश्न विचारता येत नाही. याच सभागृहात १९९७ साली नगरसेवक म्हणून आलेले आणि पुढे सभागृह नेतेपद भूषविलेले श्री. एकनाथ शिंदे त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. या सभागृहाची उपयुक्तता त्यांच्याइतकी जवळून जाणणारा दुसरा मुख्यमंत्री महाराष्ट्रास लाभलेला नाही. तरी कुलूप निघाले नाही.

आमच्या बाजूस ६५ इमारतींचे प्रकरण घडले. महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराकडे नोंदणी मिळवली गेली, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेतल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हे प्रकरण उजेडात आणले एका नागरिकाने, न्यायालयाचे दार ठोठावून. प्रश्न विचारण्याचे काम सभागृहाने सोडले की ते न्यायालयाकडे जाते. न्यायालयाचे उत्तर मात्र हातोड्याच्या रूपाने येते, आणि तो हातोडा ज्याच्या घरावर पडतो त्याने बहुधा काहीच केलेले नसते.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आपणांस आज इतका सहज वाटतो, की तो किती कष्टाने मिळाला याचा विसर पडावा. १८९२ च्या कौन्सिल कायद्यापर्यंत या देशातील विधिमंडळांत सरकारला प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. त्या कायद्याने ती दिली, तीही उपप्रश्नाला मज्जाव करून. उत्तर कितीही पोकळ असो, ते ऐकून खाली बसावयाचे. उपप्रश्नाची सवलत १९०९ साली मिळाली, आणि तीही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. अशा हातपाय बांधलेल्या सभागृहात १९०२ च्या मार्च महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि सरकार ज्या शिलकीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होते ती शिल्लक समृद्धीची नसून जनतेवरील जादा कराची निशाणी आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. आवाज चढवला नाही, कोणाला दूषण दिले नाही. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झाले असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांच्यापाशी मत नव्हते त्यांनी इतके साधले, आणि आपल्यापाशी तर मतही आहे, स्थायी समितीही आहे.

आता थोडे प्रश्नाच्या कसबाबद्दल. नोकरीत असताना मी एका नगरपालिकेचा जमाखर्च तपासावयास गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. नालेसफाईच्या देयकांत मला एक विसंगती आढळली, मी रीतसर लेखा-आक्षेप घेतला, रक्कम वसूलपात्र ठरवली, आणि तो आक्षेप पुढे अनुपालनाच्या प्रतीक्षेत सात वर्षे दफ्तरात पडून राहिला. तोवर संबंधित अभियंता निवृत्त झाला आणि ठेकेदाराने व्यवसाय बदलला. पुढे त्याच गावाला पुन्हा गेलो तेव्हा कळले, की मधल्या काळात प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एक बाई निवडून आल्या होत्या आणि त्यांनी आपल्या पहिल्याच वर्षात एक ओळीचा लेखी प्रश्न दिला होता: ‘अमुक नाल्याची एकूण लांबी किती, आणि मागील वर्षी त्यापैकी किती लांबीच्या सफाईचे पैसे दिले?’ उत्तर लिहावयास बसलेल्या कारकुनाच्या लक्षात आले, की नाला आहे त्यापेक्षा लांब नाल्याचे पैसे गेले आहेत. त्याने फाईल वर पाठवली, वरच्याने आणखी वर पाठवली, आणि त्या वर्षीचे देयक त्याच महिन्यात अडले. बाई सभेत एक शब्दही जास्त बोलल्या नाहीत. माझ्या सरकारी शिक्क्याच्या आक्षेपाने जे सात वर्षांत झाले नाही ते त्या एका ओळीने झाले, कारण लेखापरीक्षण पैसा गेल्यावर येते आणि प्रश्न पैसा हातात असताना विचारता येतो.

‘रस्त्यावर खड्डे का पडले?’ हा प्रश्न नव्हे, तो उद्गार आहे. त्याचे उत्तर ‘अतिवृष्टीमुळे’ असे तयार असते आणि ते खोटेही नसते. याउलट ‘या रस्त्याच्या कामाचा दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेस संपतो, त्या कालावधीत ठेकेदाराकडून किती वेळा दुरुस्ती करून घेतली, आणि त्याच रस्त्यावर महानगरपालिकेने स्वतंत्र खर्च केला काय?’ असे विचारले, म्हणजे अतिवृष्टीचा आसरा घेता येत नाही. प्रश्नात तारीख असावी, लेखाशीर्ष असावे, फाईलचा किंवा ठरावाचा क्रमांक असेल तर सोन्याहून पिवळे. हंडे आणून डोक्यावर घेणे, पीठासीन अधिकाऱ्यांच्या समोर बैठक मारणे, विषयपत्रिका फाडून तिचे कपटे उधळणे यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते हे खरे, आणि सभा तहकूब झाल्याने सर्वांत अधिक सुटकेचा नि:श्वास कोण टाकतो, हे एकदा अधिकाऱ्यांच्या रांगेकडे मान वळवून पाहावे. काकासाहेब गाडगीळांनी मराठीत ‘सभाशास्त्र’ लिहून ठेवले आहे. ते जुन्या ग्रंथालयांतून अजून मिळते.

अधिनियमाने आपणांस आयुक्तांना आगाऊ लेखी सूचना देऊन प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मोडीत निघतो तो बंदीने नव्हे, आळसाने. प्रश्न दिला जातो, उत्तर येते ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’, आणि पुढच्या सभेत प्रश्नकर्ता विसरलेला असतो. संकलन पुरे झाले काय, एवढाच प्रश्न सलग चार सभांत विचारणारा सभासद मी माझ्या आयुष्यात फार थोडा पाहिला. परंतु ज्या खात्याने तो पाहिला त्या खात्यास तो चांगला आठवतो. मंजुरीचे प्रस्तावही असेच वाचावेत. निविदा न मागवता काम देण्याची जी वाट ठाण्यात ‘पाच-दोन-दोन’ या टोपणनावाने प्रसिद्ध आहे, ती खरोखरीच्या निकडीसाठी कायद्याने ठेवलेली आहे, आणि तीवरून जाताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती कारणे मागून घ्या. पावसाळा दर वर्षी जूनच्या सुमारास येतोच. त्याची निकड मे महिन्याच्या अखेरीस अकस्मात कशी उद्भवते, हे विचारण्यास कोणाच्याही पक्षशिस्तीचा भंग होणार नाही.

येथे एक अडचण मी आपणांपासून लपवू इच्छीत नाही. ज्याला आपण प्रश्न विचारणार तो आयुक्त आपण निवडलेला नाही. त्याची नेमणूक मंत्रालयातून होते, बदली मंत्रालयातून होते, आणि महासभेने केलेला ठराव शासनास अहितकारक वाटला तर तो निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकारही तेथेच आहे. एकूण सभासदांच्या पाच-अष्टमांश मतांनी, म्हणजे कल्याण-डोंबिवलीत ७७ आणि ठाण्यात ८२ हात वर झाल्यास, आयुक्तांस परत बोलावण्याची मागणी करण्याची तरतूद कायद्यात आहे. शेजारच्या नवी मुंबईने ऑक्टोबर २०१६ मध्ये तसा अविश्वासाचा ठराव प्रचंड बहुमताने केलाही, आणि तरी ते आयुक्त पुढे काही महिने तेथेच राहिले. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर महानगरपालिका आपल्या उत्पन्नाच्या एका मोठ्या हिश्श्यासाठी दर महिन्यास राज्याच्या अनुदानाची वाट पाहत बसतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय आपल्या ओंजळीत घातले, पण पैसा आणि माणसे यांची चावी वरच राहिली. याउलट स्कॉटलंड पाहा: त्याला १९९९ साली स्वतःचे विधिमंडळ मिळाले. तेथील प्रथम मंत्री गुरुवारी दुपारी सभासदांच्या प्रश्नांना उत्तर देण्यास स्वतः उभा राहतो, कारण तो त्याच सभासदांतून निवडलेला असतो. आपल्याकडे महापौर निवडलेला असतो पण उत्तर द्यावयाचे नसते, आणि उत्तर देणारा निवडलेला नसतो. या तिढ्यातच आपणांस काम करावयाचे आहे.

त्यातून शहरातील निम्म्या मोठ्या कामांवर महानगरपालिकेचे नाव नसतेच. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधली दोन वर्षे आम्ही त्या कोंडीत जी काढली त्याबद्दल जाब विचारावयाचा तर काम होते राज्य रस्ते विकास महामंडळाचे. मेट्रोचे काम आहे प्रदेश विकास प्राधिकरणाचे. २०१६ साली दोन्ही शहरांची स्मार्ट सिटीत निवड झाली तेव्हा पैसा खर्च करण्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळ्या कंपन्या निघाल्या, आणि शहराचा पैसा, शहराची जागा, शहराचेच काम असूनही महासभेत त्याबद्दल विचारले की ‘तो विषय संचालक मंडळाचा’ असे उत्तर मिळू लागले. ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली, परंतु कंपन्यांचे शेवटचे हिशेब महासभेपुढे मांडावेत असा आग्रह आपण धरावा, अशी माझी विनंती आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे गेली. धोकादायक कारखाने हलविण्याची आश्वासने त्यानंतर एकामागून एक सरकारांनी दिली. आणि मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तसाच स्फोट होऊन पुन्हा माणसे मेली. हा प्रश्न आपल्या महासभेचा नाही, विधानसभेचा आहे. तेथे तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचे काय झाले हे पाहणारी आश्वासन समितीही आहे. मग आपले काम काय? आपल्या प्रभागात कोणता कारखाना घरांपासून किती अंतरावर आहे हे आपणांस आमदारांपेक्षा अधिक ठाऊक असते. ते लिहून त्यांच्या हाती द्या, आणि अधिवेशन संपल्यावर त्यांनी ते विचारले की नाही हे त्यांनाच विचारा. आमदार आपल्याच पक्षाचे असले तर हे अधिक अवघड आहे, हे मी जाणतो.

आपल्यापैकी काही जण कल्याण-डोंबिवलीत बिनविरोध निवडून आले आहेत. त्यांना मतदारांनी प्रचारात एकही प्रश्न विचारला नाही, कारण विचारण्याची वेळच आली नाही; त्यांनी ती उणीव सभागृहात इतरांना दुप्पट प्रश्न विचारून भरून काढावी. आणि निम्म्या जागांवर ज्या भगिनी आल्या आहेत त्यांच्याविषयी एक स्पष्ट बोलतो. प्रभाग कार्यालयात आपल्या नावावर आपले यजमान बसतात हे दृश्य या जिल्ह्याला पाठ आहे. लेखी प्रश्नावर मात्र सभासदाची स्वाक्षरी लागते, आणि उपप्रश्नाला उभे राहावयाचे ते सभासदानेच. यजमानांस तेथे प्रवेश नाही. त्या नाल्याच्या लांबीच्या बाई मला या कारणानेही आठवतात.

पत्र लांबले. येत्या अंदाजपत्रकी सभेसाठी मी स्वतःचा एक प्रश्न तयार करून सोबत जोडीत आहे. मला तो विचारता येत नाही. आपल्यापैकी कोणीही, ठाण्याच्या वा कल्याण-डोंबिवलीच्या, कोणत्याही पक्षाच्या सभासदाने खाली सही करून तो सचिवांकडे द्यावा. ठाण्याच्या सभासदांनी त्यातील पहिला महिना बदलून मार्च २०२२ करावा.

‘नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२६ या प्रशासकीय कालावधीत (अ) स्थायी समिती व महासभा यांचे अधिकार वापरून एकूण किती ठराव मंजूर झाले, (ब) त्यांपैकी निविदेशिवाय दिलेली कामे किती, प्रत्येकाची रक्कम व नोंदविलेले कारण काय, (क) त्या कामांपैकी अपूर्ण किती, त्यांस मुदतवाढ किती वेळा दिली, आणि त्यांचे दायित्व चालू अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखविले आहे, (ड) हे ठराव नागरिकांस पाहण्यासाठी कोठे उपलब्ध आहेत?’

उत्तर आले तर त्याची एक प्रत मला पाठवावी. माहिती संकलित करण्यात येत असेल, तर पुढच्या सभेची तारीख कळवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबतपासनीस